स्मृतिभ्रंश : रुग्णाची शुश्रूषा आणि घरचा शुभंकर

स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया हे कोणत्याही एका आजाराचे नाव नाही. मेंदूतील पेशींची हानी करणाऱ्या निरनिराळ्या आजारांतून उद्भवणाऱ्या लक्षणांच्या समूहाला हे नाव दिले जाते. स्मरणशक्ती, भाषा, दिशा आणि काळाचे भान, निर्णयशक्ती यांचा हळूहळू ऱ्हास होत जातो आणि रुग्ण दैनंदिन व्यवहारांसाठी दुसऱ्यावर अवलंबून राहू लागतो. यांपैकी सुमारे ६० ते ७० टक्के रुग्णांमध्ये मूळ कारण अल्झायमर हा आजार असतो. मेंदूच्या रक्तपुरवठ्यात अडथळे आल्याने होणारा स्मृतिभ्रंश त्याखालोखाल आढळतो.

या आजाराच्या इतिहासातच घरच्या माणसाची कथा दडलेली आहे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफर्ट येथील रुग्णालयात ५१ वर्षांच्या एका स्त्रीला तपासले. पतीविषयी अकारण संशय हे तिच्या आजाराचे आरंभीचे लक्षण होते. पुढे स्मृती, वाचा आणि वागणे या सर्वांवरच परिणाम झाला व घरी सांभाळणे अशक्य झाल्यावर तिला रुग्णालयात आणले गेले. १९०६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर डॉ. अल्झायमर यांनी तिच्या मेंदूतील बदलांची माहिती वैद्यकीय परिषदेत मांडली आणि १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या आजाराला त्यांचे नाव दिले. वैद्यकाच्या इतिहासात त्या स्त्रीची नोंद झाली. तिला अखेरपर्यंत घरात सांभाळू पाहणाऱ्या पतीचा उल्लेख मात्र ओझरताच राहिला. शंभराहून अधिक वर्षांनंतरही शुश्रूषा करणाऱ्यांची स्थिती फारशी पालटलेली नाही.

मराठीत मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील स्वमदत गटांनी यासाठी दोन अर्थपूर्ण शब्द रूढ केले आहेत. आजारी व्यक्तीला 'शुभार्थी' आणि तिची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हटले जाते. पुण्यातील स्किझोफ्रेनिया आणि पार्किन्सन्सविषयक गटांमुळे हे शब्द अनेकांच्या परिचयाचे झाले. 'रुग्ण' या शब्दाने येणारा शिक्का टाळणे आणि सांभाळणाऱ्याच्या कामाला नाव देणे, हे दोन्ही हेतू त्यांतून साधतात.

प्रश्नाची व्याप्ती

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये जगभरात ५ कोटी ७० लाख लोकांना स्मृतिभ्रंश होता. भारतातील पाहणीवर आधारित आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ६० वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीय या विकाराने ग्रस्त असल्याचा अंदाज आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आढळले.

शुश्रूषेचा भार कोण उचलते, याचे उत्तरही जागतिक आरोग्य संघटनेने दिले आहे. घरच्या माणसांकडून मिळणाऱ्या शुश्रूषेच्या एकूण तासांपैकी सुमारे ७० टक्के तास स्त्रियांचे असतात. २०१९ मध्ये घरातील व्यक्ती स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासाठी दिवसाला सरासरी पाच तास देत होत्या. आपल्याकडे पत्नी, सून, अविवाहित मुलगी किंवा जवळ राहणारी विवाहित मुलगी यांच्याकडे हे काम आपसूक येते. 'सेवा' म्हणून त्याचा गौरव होतो. परंतु ज्या गोष्टीला सेवा म्हटले जाते, तिचे तास मोजले जात नाहीत, तिला सुट्टी नसते आणि तिच्याविषयी तक्रार करणे कृतघ्नपणाचे मानले जाते.

निदान का लांबते?

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण या आजाराच्या निदानातील मोठा अडसर आहे. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वयोमानानुसार घडू शकते. चष्मा कशासाठी असतो हेच न कळणे, नेहमीच्या रस्त्यावर चुकणे, वर्षानुवर्षे केलेल्या भाजीची कृती न आठवणे, पैशांचे व्यवहार न उमजणे ही वार्धक्याची स्वाभाविक लक्षणे नव्हेत. अशा वेळी मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे आवश्यक असते.

तपासणीचे आणखी एक महत्त्वाचे कारण आहे. ब १२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड ग्रंथीचे मंदावलेले कार्य, नैराश्य, काही औषधांचे दुष्परिणाम, पडल्यानंतर कवटीच्या आत साठलेले रक्त यांमुळेही स्मृतिभ्रंशासारखी लक्षणे दिसतात आणि ती उपचारांनी सुधारू शकतात. अल्झायमरच्या बाबतीत डोनेपेझिल, रिव्हास्टिग्माइन, मेमॅन्टाइन यांसारख्या औषधांनी काही काळ लक्षणांची तीव्रता कमी होऊ शकते. आजार पूर्ण बरा करणारे औषध मात्र उपलब्ध नाही. लेकॅनेमॅब या औषधाला २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. तथापि ते आरंभीच्या टप्प्यातील निवडक रुग्णांसाठीच आहे आणि ते आजाराचा वेग केवळ काही प्रमाणात मंदावते. त्यामुळे उपचारांचा मोठा भाग हा शुश्रूषेचाच राहतो.

दैनंदिन शुश्रूषा

आरंभीच्या काळात शुभंकराची सर्वाधिक दमछाक होते ती तेच ते प्रश्न ऐकताना. 'आज वार कोणता?' हा प्रश्न तासाभरात दहा वेळा विचारला जातो. उत्तर दिल्याची आठवणच रुग्णाकडे नसते, म्हणून 'आत्ताच तर सांगितले' या वाक्याचा उपयोग होत नाही. मोठ्या अक्षरांतील दिनदर्शिका, ठळक आकड्यांचे घड्याळ, खोल्यांच्या दारांवर चित्रे अशा साध्या उपायांनी थोडी मदत होते.

पुढे संशय येतो. स्वतःच कपड्यांच्या घडीत ठेवलेली पाटली सापडली नाही की ती सुनेने किंवा कामवालीने चोरली असा आरोप होतो. मेंदूला स्मृतीतील पोकळी भरून काढायची असते आणि तिथे आरोप येऊन बसतो. वाद घालून किंवा पुरावे देऊन तो दूर होत नाही. 'आपण दोघी मिळून शोधू' असे म्हणत विषय पालटणे अधिक हिताचे ठरते. जिच्यावर आरोप झाला, तिला घरातील इतरांनी एकांतात धीर देणे मात्र आवश्यक असते. कारण रुग्ण तो प्रसंग विसरतो, ती विसरत नाही.

तिन्हीसांजेला अनेक रुग्णांची अस्वस्थता वाढते. राहत्या घरातच 'मला घरी जायचे आहे' असा हट्ट धरला जातो. त्यांच्या मनातील घर बहुधा बालपणीचे असते. दुपारी दीर्घ झोप टाळणे, सकाळी उन्हात फिरवून आणणे, संध्याकाळ होण्याआधीच दिवे लावणे, परिचित भजने किंवा जुनी नाट्यगीते लावणे यांचा उपयोग होऊ शकतो.

घरातील सुरक्षेकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. स्वयंपाकाच्या गॅसचा मुख्य खटका रात्री बंद ठेवावा. न्हाणीघराची आतली कडी काढून टाकावी, भिंतीला आधाराचे दांडे आणि जमिनीवर न घसरणारी चटई असावी. औषधे कुलपात ठेवावीत. घराबाहेर भरकटण्याचा धोका असल्याने नाव आणि नातेवाइकांचा दूरध्वनी क्रमांक असलेले कार्ड खिशात, गळ्यात किंवा कपड्याच्या आतल्या बाजूस असावे. सोसायटीचा वॉचमन, कोपऱ्यावरचा वाणी, रिक्षातळावरचे चालक यांना आजाराची कल्पना देऊन ठेवावी. लाजेपोटी आजार लपविणाऱ्या घरांना ही मदत मिळत नाही.

उत्तरार्धात चालणे, गिळणे आणि मलमूत्रावरील नियंत्रण यांवर परिणाम होतो. भरवताना रुग्णाला ताठ बसवावे. आडवे असताना पाणीही पाजू नये, कारण अन्नाचा अंश श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. पातळ पदार्थांनी ठसका लागत असेल तर दाटसर पेज, मऊ खिचडी, शिरा असे पदार्थ डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावेत. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलली नाही तर माकडहाड, टाचा, कंबर येथे शय्याव्रण होतात. हवेच्या गादीने धोका कमी होतो, मात्र कूस बदलण्याचे काम टळत नाही.

एक गोष्ट प्रत्येक शुभंकराने लक्षात ठेवावी. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांच्या गतीने वाढतो. रुग्ण एकदोन दिवसांतच अचानक अतिगोंधळलेला, बेभान किंवा सुस्त झाला तर 'आजार वाढला' असे समजून थांबू नये. मूत्रमार्गाचा संसर्ग, न्यूमोनिया, शरीरातील पाणी कमी होणे, बद्धकोष्ठता किंवा नवे औषध यांपैकी काहीतरी कारण असण्याची शक्यता असते आणि त्यावर त्वरित उपचार करता येतात.

शुभंकराच्या मनात

अमेरिकेतील अभ्यासक पॉलिन बॉस यांनी या अनुभवाला संदिग्ध वियोग असे म्हटले आहे. माणूस समोर बसलेला असतो, तरी आपल्याला ओळखणारा तो माणूस उरलेला नसतो. मृत्यूनंतर दहा-तेरा दिवस लोक येतात, दुःख बोलून दाखवता येते. इथे दररोज थोडा थोडा वियोग घडत असतो आणि त्यासाठी कोणताही विधी नसतो, कोणी भेटायला येत नाही. पन्नास वर्षे संसार केलेल्या पत्नीला पतीने 'तुम्ही कोण?' असे विचारावे, हा आघात भाषेत मांडणे कठीण असते.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' (२०१३) या मराठी चित्रपटाने याच नात्याचा वेध घेतला आहे. डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृत पंडित मुलीची नजर चुकताच हत्तीमागे चालू लागतात आणि हरवतात. माहुताची पत्नी त्यांना जसे आहेत तसे स्वीकारून लेकरासारखे सांभाळते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. परक्या स्त्रीला जे सहज जमते, ते पोटच्या मुलीला अवघड का जावे? परकी स्त्री समोरच्या वृद्धाला पाहते. मुलीला मात्र त्याच वेळी आपला विद्वान पिता आठवत असतो. घरच्या शुभंकराच्या चिडचिडीमागे प्रेमाचा अभाव नसून ही तुलना असते.

दुःखाबरोबर राग येतो, रागापाठोपाठ अपराधभाव. 'यातून सुटका व्हावी' असा विचार मनात डोकावला की माणूस स्वतःलाच पापी ठरवतो. असे विचार दीर्घकाळ शुश्रूषा करणाऱ्या असंख्य लोकांच्या मनात येतात आणि ते उच्चारण्याची मुभा मिळणे हाच त्यावरील पहिला उपाय आहे. स्वमदत गटांचे महत्त्व इथेच आहे. समदुःखी व्यक्तींसमोर स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

शरीरावर होणारा परिणामही दुर्लक्षण्याजोगा नाही. अमेरिकेत ६६ ते ९६ वर्षे वयोगटातील जोडीदारांचा चार वर्षे मागोवा घेणारा एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. शुश्रूषेमुळे ताण जाणवणाऱ्या जोडीदारांमध्ये मृत्यूचा धोका शुश्रूषा न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्के अधिक आढळला. शुश्रूषा करूनही ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात मात्र अशी वाढ दिसली नाही. याचा अर्थ स्पष्ट आहे : काम हलके होत नसले तरी ताण हलका करणे शक्य आणि आवश्यक आहे. निद्रानाश, सतत रडू येणे, रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या स्वतःच्या गोळ्या चुकणे, रुग्णावर हात उगारला जाणे ही शुभंकरालाच मदतीची गरज असल्याची चिन्हे आहेत.

कामाची वाटणी

एकत्र कुटुंबांतही शुश्रूषा अखेर एकाच व्यक्तीवर येऊन पडते. छोट्या कुटुंबांत तर एक भावंड पुण्यात वा ठाण्यात आणि दुसरे अमेरिकेत वा आखातात अशी स्थिती असते. दूरच्या भावंडाने दूरध्वनीवरून 'बाबा तर माझ्याशी छान बोलले' असे म्हणणे हे जवळच्याला जिव्हारी लागते. दहा मिनिटांच्या संभाषणात रुग्ण बऱ्याचदा नेटका वाटतो. दूर राहणाऱ्यांनी खर्चाचा ठरावीक वाटा उचलावा, बिले व विम्याची कागदपत्रे सांभाळावीत आणि सुट्टीत आल्यावर पाहुण्यासारखे न राहता पूर्ण जबाबदारी स्वीकारून मुख्य शुभंकराला बाहेरगावी पाठवावे. ही वाटणी गृहीत न धरता बसून, शक्य तर लिहून ठरवावी.

शहरांत 'ब्युरो'मार्फत बारा किंवा चोवीस तासांसाठी मावशी अथवा मामा मिळतात. नेमणुकीपूर्वी पोलीस पडताळणी, ओळखपत्राची प्रत, साप्ताहिक सुट्टी, कामांची यादी ही बाब स्पष्ट असावी. औषधे, आहार, झोप, शौच यांची नोंदवही ठेवल्यास पाळी बदलताना गोंधळ होत नाही. आपल्या वृद्ध आईला अंघोळ घालणाऱ्या मावशीसाठी घरात वेगळा कप ठेवला जात असेल, तर तिच्याकडून जिव्हाळ्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी, याचाही विचार व्हावा.

घरी सांभाळणे अशक्य झाल्यास निवासी शुश्रूषा केंद्राचा पर्याय असतो. आपल्या बोलीत अजूनही आईवडिलांना केंद्रात 'ठेवले' असे न म्हणता 'टाकले' असे म्हणतात. त्या एका क्रियापदाच्या धाकाने अनेक कुटुंबे स्वतःची आणि रुग्णाचीही हानी होईपर्यंत थांबतात. केंद्र निवडताना रात्रीच्या वेळचे कर्मचारी, स्वच्छता, डॉक्टरांच्या भेटी आणि नातेवाइकांना कधीही येण्याची मुभा या बाबी प्रत्यक्ष पाहाव्यात.

कायदा आणि पैसा : वेळ थोडा असतो

निदानानंतरचे आरंभीचे महिने अत्यंत मोलाचे असतात, कारण त्या काळात रुग्ण स्वतःचे निर्णय समजून घेऊन व्यक्त करू शकतो. बहुतेक कुटुंबे हा विषय 'आत्ताच कशाला' म्हणून टाळतात आणि नंतर मार्ग बंद झालेले आढळतात.

सर्वांत मोठा गैरसमज कुलमुखत्यारपत्राविषयी आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार अधिकार देणारी व्यक्ती मानसिकदृष्ट्या अक्षम झाल्यास मुखत्यारी संपुष्टात येते. म्हणजे ज्या वेळी त्या कागदाची खरी गरज भासते, नेमका त्याच वेळी तो निरुपयोगी ठरतो. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची तरतूद जिल्हा न्यायालयामार्फत होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तशी तरतूद नसल्याने कुटुंबीयांना पालकत्वासाठी उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागते. यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात.

म्हणून बँक खाती वेळीच संयुक्त करून दोघांपैकी कोणालाही व्यवहार करता येतील अशी सोय करावी. विमा, ठेवी, सदनिकेची कागदपत्रे यांची यादी करून नामनिर्देशन तपासावे. नामनिर्देशित व्यक्ती आपोआप मालक होत नाही, हे ध्यानात घेऊन मृत्युपत्रही करावे. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात. त्या वेळी करणारी व्यक्ती सुदृढ मनःस्थितीत असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडल्यास पुढील वाद टळू शकतात.

२०१७ च्या कायद्याने आपल्यावर मानसोपचार कसे व्हावेत याचे आगाऊ निर्देश देण्याचा आणि प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार दिला आहे. अखेरच्या टप्प्यात कृत्रिम साधनांनी आयुष्य लांबवावे की नाही, याविषयीच्या आगाऊ वैद्यकीय निर्देशांना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली. २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुलभ करून दोन साक्षीदारांसह नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर तो दस्तऐवज करण्याची सोय झाली. वडिलांची इच्छा कागदावर असेल तर अतिदक्षता विभागाबाहेर उभ्या असलेल्या मुलांना एकमेकांशी भांडावे लागत नाही.

मदत कुठे मिळते?

अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ मध्ये केरळात स्थापन झाली. रुग्णांच्या कुटुंबीयांना माहिती व मार्गदर्शन देण्याचे कार्य ती करते. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. मानसिक ताणासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते आणि शुभंकर स्वतःसाठीही येथे दूरध्वनी करू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने शुभंकरांच्या प्रशिक्षणासाठी 'आय-सपोर्ट' हा कार्यक्रम तयार केला आहे.

शेजारी, आप्त आणि मित्र यांनाही करण्यासारखे बरेच आहे. 'काही लागले तर सांगा' असे म्हणून निघून जाणाऱ्यांना सहसा कोणी काही सांगत नाही. त्यापेक्षा 'गुरुवारी चार ते सहा मी काकांजवळ बसतो, तुम्ही तुमचा रक्तदाब तपासून या' असे ठोस सांगितले तर ती मदत घेता येते. २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन म्हणून पाळला जातो. ज्या घरात हा आजार आहे, तिथे उरलेल्या दिवसांतही दोन तासांची अशी सवड लागते.